वासे फिरले की चाकरी : मराठी कूट शब्दकोड्याची घडण आणि त्याचा न्याय

मराठी दैनिकांच्या पुरवण्यांतून येणारे शब्दकोडे बहुधा समानार्थी शब्दांचे असते. ‘कमळ’ असे विचारावे आणि ‘पंकज’ असे लिहून घ्यावे, एवढाच त्यातील व्यवहार. शब्दसंग्रहाची उजळणी म्हणून त्याचे मोल असले तरी त्यात भाषेची परीक्षा होत नाही. होते ती केवळ स्मरणाची. कूट शब्दकोडे हा याहून मूलतः वेगळा प्रकार होय. त्यातील संकेत एखाद्या साध्या वाक्यासारखा दिसतो, पण ते वाक्य जे सांगत असल्याचा भास होतो ते सांगत नसते. उदाहरणार्थ, ‘वासे फिरले की चाकरी (२)’ हा संकेत पाहावा. घर फिरले की घराचे वासेही फिरतात ही म्हण ज्याला ठाऊक आहे त्याला या वाक्यात एका बुडालेल्या घराण्याची आणि नोकरी पत्करणाऱ्या वारसाची गोष्ट दिसेल. कोड्याला त्या गोष्टीशी कर्तव्य नाही. ‘वासे’ हा शब्द अक्षरशः फिरवावयाचा आहे : वा-से, उलट से-वा. आणि ‘सेवा’ म्हणजे चाकरी. कंसातील आकडा दोन अक्षरांचा.

या छोट्या वाक्याचे तीन अवयव आहेत. ‘चाकरी’ हा अर्थभाग, ‘वासे’ ही सामग्री आणि ‘फिरले’ हा त्या सामग्रीचे काय करावयाचे ते सांगणारा खूणशब्द. सामग्री आणि खूणशब्द मिळून घडणभाग होतो. ‘की’ हा दोहोंना जोडणारा दुवा. अर्थभाग आणि घडणभाग या दोन स्वतंत्र वाटांनी एकाच शब्दापाशी पोहोचता आले पाहिजे आणि याखेरीज वाक्यात एकही शब्द उरता कामा नये. म्हणूनच येथे ‘घराचे वासे’ असे म्हटलेले नाही. तसे म्हटले असते तर म्हणीची आठवण अधिक ठसठशीत झाली असती, परंतु ‘घराचे’ हा शब्द घडणीत निरुपयोगी ठरून सोडवणाऱ्याला विनाकारण भटकवीत राहिला असता. मराठीत असे न्याय्य कूट रचता येते काय, आणि येत असल्यास त्याचे नियम इंग्रजीतून उचलता येतील की मराठी व्याकरणातूनच शोधावे लागतील, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये दिलेल्या कोड्यापासून मानला जातो. ते साध्या अर्थांचे होते. त्याला कूटाचे वळण मिळाले ते इंग्लंडात. एडवर्ड पॉइस मॅथर्स हा १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमादा’ या नावाने कोडी देऊ लागला. स्पेनमधील धर्मन्यायासनाच्या प्रमुखाचे नाव घेण्यात विनोद होता, आणि सोडवणाऱ्यांचे हाल पाहता थोडी कबुलीही. त्याच्या कोड्यांत कल्पकता होती, नियम नव्हते. ते पुढे आले. ए. एफ. रिची याने १९४९ मध्ये असे बजावले की कोडेकाराने मनात असेल तेच वरवर म्हटले पाहिजे असे नाही, परंतु जे म्हटले आहे त्यातून त्याच्या मनातील उत्तर निघालेच पाहिजे. टॉर्केमादानंतर त्याच जागी आलेल्या डी. एस. मॅकनट याने (‘झिमेनीझ’ हेही एका धर्मन्यायाधीशाचेच नाव) १९६६ च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेची सविस्तर मांडणी केली. नेमका अर्थभाग, प्रामाणिक घडणभाग आणि त्यापलीकडे काही नाही, असे त्या परंपरेचे सार सांगता येईल.

हा न्यायविचार आपल्याकडे नवा नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत आणि पूर्वाचार्यांनी याखेरीज चौदा दुष्ट प्रहेलिकाही मानल्या असल्याचे नमूद केले आहे. दोष अनंत असल्यामुळे आपण साधु प्रकारच सांगतो, असे तो म्हणतो. म्हणजे कूटातही साधु आणि दुष्ट असा भेद करणे भाग आहे, ही जाणीव त्या काळी स्पष्ट होती. प्रहेलिकेचे उपयोगही तो सांगतो : क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणकारांनी करावयाची गुप्त मसलत आणि परक्याला गोंधळात पाडणे. ‘संख्याता’ या प्रकाराचे त्याचे उदाहरण तर आजच्या कोणत्याही कूटकोड्यात जसेच्या तसे शोभावे. मध्यभागी नासिक्य आणि भोवती चार वर्ण असलेली एक नगरी आहे व तेथील राजांच्या नावात आठ वर्ण आहेत, असा त्या श्लोकाचा आशय. वाचणाऱ्याच्या मनात चातुर्वर्ण्याने शोभणारी नगरी उभी राहते. उत्तर मात्र ‘कांची’ हे आहे : मध्ये ञकार, भोवती क्, आ, च्, ई हे चार वर्ण. राजे म्हणजे परंपरेने ‘पल्लवाः’. विसर्ग धरून आठ वर्ण. ‘वर्ण’ या एकाच शब्दावर समाज आणि लिपी दोन्ही तोलून धरणारी ही रचना केवळ श्लेषाची नाही. ती मोजणीने सिद्ध होते, आणि म्हणूनच तिचे उत्तर एकच आहे.

बाणाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या विरंगुळ्यांमध्ये अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद आणि प्रहेलिका यांचा उल्लेख येतो. बिंदुमतीत व्यंजनांच्या जागी बिंदू देऊन मात्रा तेवढ्या ठेवीत आणि श्लोक ओळखावयास सांगत. रिकाम्या घरांच्या चौकटीचा हा दूरचा पूर्वजच म्हणावयास हवा. मात्र चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त निर्णय दिला तो असा की प्रहेलिका रसाला विरोधी असल्यामुळे ती अलंकार नव्हे, केवळ उक्तिवैचित्र्य होय. रसाच्या कसोटीवर हा निर्णय चुकीचा नाही. त्याचा परिणाम मात्र असा झाला की कूटाची घडण हा अभ्यासाचा विषय राहिला नाही. महाभारतातील कूटश्लोकांची गणेश-व्यासांची कथा सर्वांना ठाऊक असते. एखादा कूटश्लोक कोणत्या व्याकरणविशेषावर उभा आहे हे सांगणारे थोडे.

कोल्हापूरच्या परिसरात कूटाचे दुसरे, लोकपरंपरेतील घराणे आहे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात कलगी-तुऱ्याची भेदिक शाहिरी रुजली. तुरा शिवाचा, कलगी शक्तीची. एका फडाने प्रश्न टाकावयाचा आणि दुसऱ्याने त्याचा भेद सांगावयाचा. ‘भेदिक’ या नावातच गूढ फोडण्याची क्रिया आहे. हे प्रश्न संख्यांचे, पुराणातील नात्यांचे, पिंडब्रह्मांडाचे असत. येथील कूट कानासाठी असते, डोळ्यांसाठी नव्हे. त्यामुळे अक्षरे उलटणे किंवा दोन शब्दांच्या सांध्यात तिसरा शब्द दडवणे यांना त्यात जागा थोडी. संख्या आणि नामांतर यांवरच भिस्त अधिक. परंतु एक गोष्ट भेदिकाने कटाक्षाने जपली आणि ती छापील शब्दकोड्याने गमावली. भेदिकात उत्तर नुसते सांगून भागत नाही. ते का, हे श्रोत्यांसमोर उलगडावे लागते.

उलगड्याची ही अट सुटली की काय होते, याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी मोठे पेव फोडले होते. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातील आर. एम. डी. सी. शब्दकोड्यांचा मुंबई राज्यात मोठा प्रसार होता आणि त्यांच्या चालकांनी या कायद्याला आव्हान दिले. पाठोपाठ १९५५ चा केंद्रीय बक्षीस स्पर्धा कायदा आला. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे आणि दोन हजारांहून अधिक प्रवेशिका यांवर त्याने बंदी घातली. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायद्यांसंबंधीचे निकाल दिले. जेथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धा वेगळ्या आणि जेथे ते योगायोगावर असते तो जुगार, असा भेद न्यायालयाने केला. केंद्रीय कायद्याची बंधने जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांपुरतीच आहेत असे मानले, आणि या कोड्यांना जुगारात घातले.

साहित्याच्या अभ्यासकाने या निकालाकडे भाषिक निर्णय म्हणून पाहावे. त्या जातीच्या कोड्याचा मासला असा रचता येईल : ‘हे गेले की माणूस खचतो : –न (२)’. उत्तर ‘धन’ की ‘मन’? अर्थाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच बसतात. कोणते ‘बरोबर’ हे संयोजकाने आधीच बंद करून ठेवलेल्या उत्तरावर ठरणार. शब्दकोश कितीही पाठ असला तरी येथे उपयोग नाही, कारण निवड करण्यास आधारच दिलेला नाही. अर्थभाग आहे, घडणभाग नाही. कूट संकेत दिसावयास अवघड असला तरी तो या कोड्याहून अधिक प्रामाणिक असतो, कारण त्यात उत्तराचा दुसरा साक्षीदार असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. इंग्रजी कूटाचा पाया सव्वीस सुटी अक्षरचिन्हे हा आहे. मराठी चौकटीतील घरात स्वरचिन्हासह, जोडाक्षरासह आणि अनुस्वारासह एक पूर्ण अक्षर बसते. ‘पंचगंगा’ची घरे चार, ‘वर्ग’ची दोन. याचे दोन परिणाम होतात. आडवा आणि उभा शब्द जेथे छेदतात तेथे मात्राही जुळावी लागते. ‘कि’ आणि ‘की’ एका घरात राहू शकत नाहीत. चौकट रचणाऱ्याचे हे दुःख असले तरी सोडवणाऱ्याचा तो लाभ आहे, कारण बाराखडीतले एक नेमके अक्षर हाती आले की तीन घरांचा शब्द जवळजवळ ठरतोच. दुसरा परिणाम अक्षरांच्या फिरवाफिरवीत दिसतो. सात सुट्या अक्षरांचा इंग्रजी शब्द ५०४० प्रकारे मांडता येतो. तीन अक्षरांच्या मराठी शब्दाच्या मांडण्या फक्त सहा, चारांच्या चोवीस. ‘नवस मोडला, वस्त्र उरले (३)’ या संकेतात ‘मोडला’ हा खूणशब्द आहे, हे कळले की न-व-स यांच्या उरलेल्या पाच मांडण्यांतून ‘वसन’ मिळावयास क्षणही लागत नाही. तेव्हा मराठी कूटाची अवघडता फिरवाफिरवीत ठेवता येणार नाही. ती वाक्याच्या बाह्यार्थात ठेवावी लागेल. नवस मोडणे हा भाषेतील रूढ प्रयोग असल्यामुळे वाचणारा ‘मोडला’ या शब्दाकडे खूण म्हणून पाहतच नाही. खरे कूट तेथे आहे.

अक्षर हे एकक मानले तर ‘बिघडलेला नवरा झाडावर (३)’ या संकेताचे काय करावे? उत्तर ‘वानर’. कोणत्याही वर्गात हे वाक्य टाकले तर हशा पिकेल. परंतु न, व, रा ही अक्षरे कशीही लावली तरी वा, न, र मिळत नाहीत. मात्रा ‘र’वरून उचलून ‘व’ला द्यावी लागते. वर्णांच्या पातळीवर मात्र हिशेब चोख आहे : न्, अ, व्, अ, र्, आ हेच सहा वर्ण दोन्ही शब्दांत आहेत. दंडीची ‘कांची’ ही वर्णांनी मोजलेली आहे, अक्षरांनी नव्हे. अक्षरांनी ती अवघी दोन घरांची नगरी होईल. बाणाने अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक यांची नावे स्वतंत्रपणे घेतली आहेत. म्हणजे परंपरेला दोन्ही पातळ्या मान्य होत्या, पण त्यांची सरमिसळ मान्य नव्हती. हाच दंडक मराठी कोडेकाराने पाळावा. अक्षरे हलणार असतील तर तसे, मात्रा हलणार असेल तर खूणशब्दानेच ते सुचवावे. ‘काना इकडचा तिकडे झालेला नवरा’ असे म्हटले तर न्याय होतो, आणि बाह्यार्थही फारसा बिघडत नाही. संसारात कानामात्रेचे फरक होतातच. या संकेतात आणखीही एक दोष आहे, आणि तो हशामुळे झाकला जातो. ‘झाडावर’ हे वानराचे ठिकाण आहे, वानर नव्हे. ‘झाडावरचा’ म्हटल्यानेही काम भागत नाही, कारण झाडावरचा आंबाही असतो. ‘झाडावरचा मर्कट’ म्हणावे तर उत्तर उघडे पडते. ‘लंकेवर उडालेला’ हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

व्याकरणाची सर्वांत मोठी अडचण सामान्यरूपाची. इंग्रजी नामाला शब्दयोगी अव्यय लागले तरी नाम जसेच्या तसे राहते. मराठीत ते बदलते. ‘वाशात रक्ताचा आरंभ, हाच पूर्वजांचा ठेवा (३)’ हा संकेत क्रमाने सोडवून पाहावा. वाक्याचे एक टोक अर्थभाग असणार. ‘वाशात’ हे सप्तम्यंत रूप एकट्याने कोणत्याही शब्दाचा अर्थ सांगू शकत नाही. म्हणून अर्थभाग दुसऱ्या टोकाला, ‘पूर्वजांचा ठेवा’. ‘रक्ताचा आरंभ’ म्हणजे ‘र’. तो कशाच्या तरी आत घालावयाचा आहे, हे ‘-त’ या प्रत्ययाने सांगितले. कशाच्या? ‘वाशा’च्या नव्हे, कारण ‘वाशा’ असा शब्दच नाही. प्रत्यय काढून मूळ रूपाकडे जावे लागते. घशात-घसा, सशाला-ससा, तसे वाशात-वासा. ‘वा’ आणि ‘सा’ यांच्यामध्ये ‘र’ ठेवला की ‘वारसा’. इंग्रजी नियम काटेकोरपणे लावणारा येथे तक्रार करील की संकेतात ‘वासा’ हा शब्द नाहीच. तक्रार ग्राह्य धरण्याचे कारण नाही. सामान्यरूपावरून मूळ रूप काढणे ही मराठी बोलणाऱ्याची नित्याची, अजाणता होणारी क्रिया आहे. कोडे तिला फक्त जाणतेपणी करावयास लावते.

मात्र याच नियमाची दुसरी बाजू कोल्हापूरकरांना गोड वाटणाऱ्या वस्तूत अडकली आहे. ‘रक्ताचा आरंभ’ यात वाद नाही, कारण विकार शब्दाच्या शेवटाला होतो आणि आरंभ अबाधित राहतो. ‘गुळाचा आरंभ’ म्हटले तर? मूळ शब्द ‘गूळ’, उपान्त्य ऊकार दीर्घ. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. मग घरात ‘गु’ लिहावयाचे की ‘गू’? संकेतात दिसते ते ‘गु’, शब्दकोशात आहे ते ‘गू’. अशा ठिकाणी दोन उत्तरे संभवतात आणि कोडे पुन्हा धन-मनाच्या जुगारापाशी येते. मूल, फूल, दूध, पीठ, जीभ या साऱ्या शब्दांची गत हीच. ते सामान्यरूपात वापरून त्यांचे पहिले अक्षर मागू नये, असा निर्बंध मराठी कोडेकाराला स्वतःहून घालावा लागेल. इंग्रजी पुस्तकात तो सापडणार नाही.

लिंगव्यवस्था हीदेखील अशीच आपली स्वतःची. ‘दीन’ उलटला की ‘नदी’ होते. यावर ‘दीन मागे वळला तो कृष्णा! (२)’ असा संकेत रचता येतो. बाह्यार्थ भक्तीचा : मागे वळून देवाला मारलेली हाक. आंतरिक अर्थ भूगोलाचा : नरसोबावाडीला पंचगंगेला पोटात घेणारी कृष्णा. पण येथे दोष आहे. कृष्णा ही नदी आहे, परंतु नदी म्हणजे कृष्णा नव्हे. विशेषावरून सामान्याकडे जावयाचे असेल तर तसे सुचवणारा शब्द हवा. ‘जसा’ म्हटले तर नदीशी लिंग जुळत नाही, ‘जशी’ म्हटले तर देव निसटतो आणि भक्तीचा आभास मोडतो. ‘कृष्णा वगैरे’ म्हटले तर लिंगाचा प्रश्न सुटतो, पण देवाला ‘वगैरे’ म्हणणारा भक्त विरळा! मराठी क्रियापद आणि विशेषण लिंग उघड करतात. म्हणून दुहेरी अर्थाच्या संकेतात दोन्ही अर्थांचे लिंग एकच असेल असे शब्द निवडणे श्रेयस्कर. ‘पंगतीत वाढतात, वहीत उलटतात (२)’ यातील ‘पान’ दोन्हीकडे नपुंसकलिंगी असल्यामुळे वाक्य अभंग राहते. याउलट आदर या अर्थी ‘मान’ पुल्लिंगी आणि अवयव या अर्थी स्त्रीलिंगी. त्याचा संकेत ‘सभेत मिळतो, कीर्तनात डोलते’ असा दुभंगणारच.

‘पुढे’ या शब्दाबद्दलही थोडे सांगावयास हवे. ‘मोटारीपुढे ओझे : दिवाणाचे काम (४)’ यात ‘कार’नंतर ‘भार’ ठेवून ‘कारभार’ होतो. धातूपुढे प्रत्यय लागतो, त्या अर्थाने हे ठीक. पण माणसाच्या नावापुढे ‘डॉ.’ लागते तेव्हा ते नावाच्या आधी असते! या एका शब्दात दोन विरुद्ध दिशा आहेत. दोन्ही प्रयोग रूढ असल्याने कोडेकाराला दोन्ही वापरता येतील. सोडवणाऱ्याने फक्त सावध असावे.

ध्वनीच्या बाबतीत मराठीची स्थिती इंग्रजीच्या उलट आहे. इंग्रजीत उच्चार एक आणि लेखन वेगळे अशा जोड्या विपुल. त्यांवर तेथील संकेतांचा एक मोठा वर्ग उभा आहे. मराठीत त्या मोजक्याच. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांसारख्या ऱ्हस्वदीर्घाच्या जोड्या बोलताना बहुधा एकरूप होतात, तेवढीच सोय. पण लेखन एक आणि उच्चार दोन अशी जी सामग्री मराठीत आहे ती इंग्रजी कोडेकाराला हेवा वाटावा अशी. च आणि ज यांचे तालव्य आणि दंततालव्य उच्चार लिपी वेगळे दाखवीत नाही. ‘थोडे वार्धक्य (२)’ हा दोन शब्दांचा संकेत घ्यावा. ‘थोडे’ म्हणजे ‘जरा’, दंततालव्य उच्चाराचा. ‘वार्धक्य’ म्हणजेही ‘जरा’, संस्कृत तालव्य उच्चाराचा. भेदिकाच्या फडावर हा प्रश्न टाकता येणार नाही, कारण एकच उत्तर तोंडाने दोनदा वेगवेगळे उच्चारावे लागेल. कागदावर तो निर्दोष आहे.

दडलेल्या शब्दांचा प्रकार सोपा समजला जातो. ‘देवा, रीत अंतरी धरते आषाढीची पायपीट (२)’ यात दे-वा-री-त या चार अक्षरांच्या पोटात ‘वारी’ आहे. जुन्या परिभाषेत उत्तर पद्यातच असले की अंतर्लापिका आणि बाहेरून आणावे लागले की बहिर्लापिका. हा संकेत पहिल्या जातीचा. परंतु शुद्धलेखनाचे नियम येथेही आडवे येतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार नियम प्रमाण मानले तर, ‘आणि’, ‘नि’ यांसारखे अपवाद वगळता, शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहावा लागतो. तेव्हा कोल्हापूरची ‘मिसळ’ दोन शब्दांच्या सांध्यात दडवावयाची म्हटली तर पहिला शब्द ‘मि’ने संपावयास हवा, आणि तसा मिळत नाही, किंवा दुसरा शब्द ‘ळ’ने सुरू व्हावयास हवा, आणि तसा तर मराठीत नाहीच. ती दडवता येते ती फक्त ‘सरमिसळ’ या शब्दाच्या आत, जेथे ती व्युत्पत्तीनेच आधीपासून बसलेली आहे. व्युत्पत्तीने सिद्ध असलेले नाते कूटात वापरणे ही कोडेकाराची सर्वांत सामान्य चूक. ‘हत्तीचे तोंड’ म्हणून ‘गजानन’ मागणे हे कूट नव्हे. तो समासाचा विग्रह झाला. ‘निवाडा देणारा आणि काशीची नदी’ यांतून ‘पंचगंगा’ काढताना पहिला ‘पंच’ आकड्याचा न राहता माणूस झाला म्हणून अर्धे कूट साधते. दुसरा अर्धा भाग गंगेची गंगाच राहतो.

पदव्युत्तर वर्गात अशा संकेतांचा उपयोग करावयाचा झाल्यास विद्यार्थ्यांना ते सोडवावयास देण्यापेक्षा रचावयास देणे अधिक फलदायी ठरेल. सामान्यरूप, उपान्त्य ऱ्हस्वदीर्घ, वर्ण आणि अक्षर यांतील भेद हे विषय परीक्षेपुरते पाठ केले जातात. संकेत रचताना त्यांवाचून एक पाऊलही टाकता येत नाही. आणि दैनिकांनी कूट शब्दकोडे छापावयाचे ठरवल्यास त्यांना एक सवय मोडावी लागेल. आज दुसऱ्या दिवशी भरलेली चौकट तेवढी छापली जाते. साध्या कोड्याला ते पुरते. कूटाला पुरत नाही, कारण उत्तर कळूनही संकेत न्याय्य होता की नाही हे त्यावरून कळत नाही. भेदिकातील उलगडा छापावा लागेल, प्रत्येक संकेतास एक ओळ : ‘वसन – वस्त्र, नवस मोडून.’ ‘जरा – थोडे, वार्धक्य.’ ज्या संकेताची अशी ओळ लिहिता येत नाही तो चौकटीतून काढून टाकावा आणि त्याच्या जागी दुसरा रचावा.